राजूने वाचलेली बाटली

तीर्थरूप सौ. अक्कांच्या चरणी कमठाण्याहून धाकट्या अंकुशाचे दंडवत. तुमचे गुडघे आणि दाजींचा दमा आटोक्यात असेल अशी आशा आहे. (दाजी, पत्र वाचून दाखवताना मधले गाळू नका, अक्काला कळते.)

माझ्या छातीतली जळजळ तुम्हांला ठाऊकच आहे. घोटभर पाणी प्यालो तरी आंबट ढेकर. शेवटी बिदरच्या दवाखान्यातून पित्ताचे औषध आणले, चुना कालवल्यासारखे पांढरे. डाक्टर काय बोलला ते गर्दीत ऐकू आले नाही, आणि सरकारी दवाखाना म्हणून बाटलीवरची चिठ्ठी उर्दूत. आमच्या सूनबाईचे, राजूचे, वडील तहसिलीत कारकून होते, तिला उर्दू येतच असेल म्हणून बाटली तिच्या हाती दिली. तिने उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचले: जेवणानंतर दोन घोट, ठेचा बंद, उपाशीपोटी चहा बंद, जेवताना कुणावर ओरडू नये. (शेवटचे ऐकून आमच्या सौ. सत्यभामेने देवघराकडे वळून हात जोडले.)

महिनाभर सगळे पाळले आणि जळजळ खरोखर गेली. मग मी गप्प बसतो होय? आमची सून सरकारी लिपी घडाघडा वाचते, असे पार मंठाळपर्यंत सांगून आलो. परवा तिथला हरिबा शेताच्या वादाचा तहसिलीतला कागद घेऊन दारात हजर. राजूने कागद घेतला, बराच वेळ पाहिला आणि पदराने डोळे पुसू लागली.

"मामा, मला उर्दू येत न्हाई," ती म्हणाली.

"मग बाटली कशी वाचलीस?"

"तुमी वाच म्हणलाव. न्हाई कसं म्हणू? आन् ठेचा खाऊन तुमी तळमळायलाव, ते तर रोज दिसायलंय. त्याला उर्दू कशाला लागतंय? पर ह्यांच्या रानाचा कागद मनानं कसा वाचू?"

शेवटी शाळेचे गुरुशांतप्पा मास्तर बोलावले. कागदात मंगळवारी हजर राहण्याचा हुकूम होता. हरिबा वेळेत पोचला. मग मास्तरांनी बाटलीही वाचली. तिच्यावर एवढेच होते: पिण्याआधी हलवावी. महिनाभरात तेवढे एक मी केले नव्हते.

रागवणार होतो. पण माझ्या पोटासाठी खोटे बोललेली आणि परक्याच्या रानासाठी खरे बोललेली पोर, तिला काय रागवावे? खरंच शिकशील का, असे विचारले. ती व्हय म्हणाली, इतके हळू की सत्यभामेला पुन्हा विचारावे लागले.

लहानथोरांस माझी आठवण सांगावी.

तुमचा अंकुश

ता. क. गुलबर्ग्याच्या बाजारातून उर्दूचे पहिले पुस्तक पाठवावे. मास्तर आमच्या ओसरीवर येऊन शिकवायला तयार आहेत.

ता. क. दोन पाठवावीत. राजूला एकटीला लाज वाटते, सोबत कुणी पाहिजे म्हणते. सत्यभामेने माझे नाव सांगून टाकले. माझे वय बावन्न आहे, हे दाजींनी मोठ्याने वाचू नये.