नांदुऱ्याच्या नोकरीची खरी चौकशी

नांदुरा,
सोमवार, दि. ९ मे १९६६

स्नेहलताबाईंस, नीळकंठाचा नमस्कार.

इकडे सारे सुखरूप, म्हणजे अजून कोणी वितळलेलं नाही. पंचमहाभूतांपैकी चार गावात मुबलक आहेत. पाणी तेवढं एक दिवसाआड येतं. अमरावतीला आपण शिक्षकीचं बी.टी. करत होतो तेव्हा तुम्ही मला ‘शास्त्रीबुवा’ म्हणून चिडवायचात. आता सगळं गाव तसंच म्हणतं आणि चिडवत मात्र नाही, हे जास्त वाईट.

आमच्या संस्थेनं तुम्हाला मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं, आणि होकार देण्याआधी तुम्ही मला नोकरीची चौकशी करायला सांगितलीत. शाळा कशी, कमिटी कशी, पगार वेळेवर होतो का, असं तीन पानं विचारलंत. शेवटी कोपऱ्यात एक ओळ होती : “माझ्यासोबत शकुंतला राहील. ती नर्स आहे. चालेल ना?”

त्यावर मी कार्ड टाकलं : दोघींना पुरेल असं घर गावात नाही, दुसरीकडे पाहावं.

बाई, ते कार्ड खोटं होतं. घरं तीन होती. त्यांतलं जनकाबाईंचं तर इतकं चांगलं की मलाच मोह व्हावा : वेगळा जिना, वेगळं न्हाणीघर, आणि मालकीण कानानं थोडी कमी.

तीन पानं तुम्ही उगाच लिहिलीत, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुमची चौकशी त्या एका ओळीचीच होती. जूनपासून तुम्ही वसतिगृहात एकटीनं राहावं, असा तुमच्या सध्याच्या वर्ध्याच्या संस्थेचा हुकूम आहे, म्हणजे ही नोकरी गेली तर तुमचं दोघींचं घर गेलं. हे सगळं समजून मी ते कार्ड लिहिलं, आणि अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं.

आता कारण. मी आणि सहदेव चौदा वर्षं एका घरात राहतो. तो जिनिंग फॅक्टरीत फिटर आहे. गावाच्या लेखी तो माझा भाडेकरू. पण ज्याला लोक संसार म्हणतात, भांडणं, दमा, लोणच्याची बरणी आणि म्हातारपणाची काळजी धरून, तो माझा त्याच्याशी झाला. हे कागदावर मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे. तुमचा आणि शकुंतलाबाईंचाही तसाच असावा, असा माझा तर्क. चुकला असेल तर पत्र चुलीत घाला आणि मला क्षमा करा.

मला भीती वाटली ती एवढीच, की एका गावात अशी दोन घरं झाली तर लोक एकावरून दुसरं ओळखतील.

परवा दुपारी जेवताना सहदेवला हे सांगितलं. त्यानं भाकर खाली ठेवली.

“खोटं लिहिलं? काऊन?”

“आपल्या घरासाठी.”

“म्हणजे आपलं घर वाचवाले तुमी त्या दोघींचं मोडलं. लयच शिकलेले हा तुमी, गुर्जी.”

तो मला ‘गुर्जी’ म्हणतो ते रागावला की. पुढं म्हणाला, “भाऊरावले जाऊन सांगा. नाई त मी जातो.” तो गेला असता. म्हणून मीच गेलो.

भाऊराव म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. कापसाचे व्यापारी, शिक्षण चौथी, आणि मराठीची एवढी दुर्दशा करतात की मी पंधरा वर्षं मनातल्या मनात त्यांना दुरुस्त करत आलो. त्यांच्या दुकानात गाठींवर बसून मी म्हटलं, “नव्या बाईंसोबत त्यांची मैत्रीण राहील.”

“राहू द्या न. एकटी बाई म्हटलं का कमिटीवाले मलेच खातात. सोबत पायजेच.”

इथं थांबता आलं असतं. पण तुमच्याशी एकदा खोटं बोलून झालं होतं. म्हटलं, “दोन महिन्यांची सोबत नाही. जन्माची आहे.”

त्यांनी पानाचा डबा उघडला, बंद केला.

“सहदेवचा दमा कसा हाये?” त्यांनी विचारलं.

“आहे तसाच,” मी म्हटलं.

“शास्त्रीबुवा, तुमाले इथं येऊन पंधरा सालं झाले. एक तरी सोयरीक मी आणली काय? नाई आणली. दुसऱ्याले आणू देली काय? तेही नाई. गावाले सांगून ठेवलं, शास्त्रीबुवाले व्रत हाये म्हणून.”

गाव मला ब्रह्मचर्यव्रती का समजतं, हे कोडं मला इतकी वर्षं पडलेलं होतं! डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे असं आम्ही मुलांना शिकवतो. या माणसानं आमच्या अंगणात एक धोतर आणि एक पायजमा शेजारी वाळताना इतकी वर्षं पाहिला, अनुमान केलं, आणि वर पांघरूण घातलं. मी मात्र त्यांची विभक्ती तपासत बसलो. घरी येताना डोळ्यांत कापसाची धूळ गेली होती, असं आपण धरून चालू.

म्हणून आता खरी चौकशी ऐका. इतरेजन नोकरीत पगार पाहतात, बढती पाहतात. मी पहिली नोकरी सोडली ती तिथल्या मुख्याध्यापकांना लग्नाची मेहुणी होती म्हणून. इथं असताना दुसरी एक चालून आली, तीत पगार जास्त होता, पण दर तीन वर्षांनी बदली, आणि सहदेवची बदली माझ्यासोबत कोण करणार? दुसऱ्या एका शाळेतली बढतीही मी एकदा नाकारली; तिथं शाळेच्या पूजेला मुख्याध्यापक जोडीनं बसायचे. या कसोट्यांवर नांदुरा उतरतं. छप्पर थोडं गळतं, कमिटी सभेत फार बोलते. पण बदली नाही, आणि उंबऱ्याच्या आतलं कोणी विचारत नाही. आपल्यासारख्यांना याहून मोठा पगार मला ठाऊक नाही.

दवाखान्यात नर्सची जागा रिकामी आहे. शकुंतलाबाईंनी अर्ज करावा. जनकाबाईंचं घर मी तुमच्या दोघींच्या नावानं धरून ठेवलं आहे. वीस तारखेपर्यंत संस्थेला होकार कळवा. त्या कार्डाबद्दल रागावायचं असेल तर इथं येऊन, समोर बसून रागवा. मी ऐकून घेईन.

सहदेव म्हणतो, पत्राखाली त्याचंही नाव हवं. आजवर मी कुठल्याच पत्राखाली ते लिहिलं नव्हतं. त्यानं आपल्या हातानंच लिहिलं आहे. कागदाला तेलाचं बोट लागलं तर चालवून घ्या.

तुम्हा दोघींची वाट पाहणारे,
नीळकंठ
सहदेव