मऊ शॉकअप राहू देणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख निरीक्षक,
वाहन योग्यता तपासणी कक्ष (दक्षिण),
सोलापूर.

अर्जदार : संगप्पा गुरुबसप्पा हत्तुरे, रा. कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर.
अर्ज लिहिणार : अर्जदाराची मुलगी हेमावती.

विषय : मालवाहू पिकअप गाडीची भारक्षमता कमी करून, तिला बसवलेले मऊ शॉकअप तसेच राहू देणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाने गाडी तपासून दिलेला ‘अयोग्य’ हा शेरा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार संगप्पा हत्तुरे हे स्वतःच्या पिकअपमध्ये चिंचोळी एमआयडीसीतून पेंडीची पोती भरून मैंदर्गीच्या बाजारात पोचवतात. त्यांची गाडी आपल्याकडे आजवर कधी नापास झाली नव्हती. या खेपेस झाली, आणि ती रीतसर झाली, हे अर्जदारास मान्य आहे. तक्रार कोणाविरुद्धही नाही. तरीही हा अर्ज करावा लागत आहे, त्याची हकीकत अशी.

१. अर्जदाराच्या पत्नी निंगव्वा या उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे वाळत घालताना तोल जाऊन खाली अंगणात पडल्या. मणक्याचे ऑपरेशन झाले. पायांत जीव आहे, पण बळ नाही. आठवड्यातून दोनदा शहरात आणून व्यायाम करवून घेतल्यास त्या उभ्या राहतील, खंड पडल्यास पाय आखडतील, असे डॉक्टरांनी सांगितले. निंगव्वा यांना बसता येत नाही, त्यामुळे रिक्षा व मोटार दोन्ही निरुपयोगी. रुग्णवाहिका तातडीच्या रुग्णाला मिळते, व्यायामाला नेण्यासाठी दर वेळी मिळत नाही. सबब अर्जदाराने पिकअपचा हौदा धुऊन काढला, त्यात दोन गाद्या घातल्या आणि पत्नीस निजवून नेण्यास सुरुवात केली.

२. पहिल्याच खेपेस असे दिसून आले की गाडीचे मागचे शॉकअप संपलेले आहेत. पोती कधी तक्रार करीत नसल्याने अर्जदाराच्या हे ध्यानात आले नव्हते. गतिरोधक आला की गाडी एकदा उसळे व त्यानंतर बराच वेळ डोलत राही. सदर अर्ज लिहिणारी हौद्यात आईची कंबर दोन्ही हातांनी धरून बसली होती. आई ओरडली नाही. दवाखान्यात उतरवताना पाहिले तेव्हा तिने तोंडात धरलेला पदर दातांनी फाटलेला होता.

३. अर्जदाराने त्याच दिवशी नवे शॉकअप घेण्याचे ठरवले. दुकानदाराने विचारले, “गाडीत काय भरता?” अर्जदाराने सवयीने “पेंड” असे सांगितले. मालाच्या गाडीसाठीचे सर्वांत दणकट, गॅसचे शॉकअप मिळाले. पोती भरल्यावर गाडी दोरीवर चालावी तशी सरळ चालू लागली. अर्जदार खूश झाले. परंतु रिकाम्या हौद्यात एकट्या निंगव्वा निजल्या, तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक खडा त्यांच्या पाठीपर्यंत पोचू लागला. परतीच्या वाटेवर त्या एवढेच म्हणाल्या, “पहिलं बरं होतं की.”

४. गाडीचे काम करणारे शिवयोगी मिस्त्री यांनी गाडीखाली निजून पाहणी केली व समजावून सांगितले. “अण्णा, वजन धरतात ते चाकावरचे लोखंडी पाटे. शॉकअप नुसती उसळी धरतो. तुमचे पाटे पोत्यांच्या हिशोबाचे हायत. वहिनींचं वजन त्यांच्या खिजगणतीतबी न्हाय, मग ते वाकतील कशाला?” त्यावर अर्जदाराने दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढायला लावले आणि प्रवासी गाडीला घालतात तसले मऊ शॉकअप बसवून घेतले. मिस्त्री “माल भरू नका” असे म्हणाले होते. अर्जदाराने ते ऐकले होते.

५. त्यानंतरच्या खेपेस दवाखाना आला तरी निंगव्वा उठेनात, म्हणून आम्ही घाबरलो. त्यांना झोप लागली होती. पडल्यापासूनची पहिली गाढ झोप त्यांना मालाच्या गाडीत लागली. त्या दिवशी दोन दांड्यांमध्ये धरून त्यांना उभे करण्यात आले. किती वेळ ते मोजले नाही. अर्जदार दाराआड उभे होते, ते आत आलेच नाहीत.

६. परंतु पेंड पोचवल्याशिवाय घर चालत नाही. अर्जदाराने त्याच मऊ गाडीत पोती भरली. अक्कलकोटच्या पुढे वळणावर गाडी एका अंगाला झुकली ती सावरेना. समोर सिद्धनाथ नावाचे मेंढपाळ रस्ता ओलांडून मेंढ्या नेत होते. अर्जदाराने गाडी रस्त्याखाली घातली. पोती सांडली, मेंढ्या व माणसे वाचली. सिद्धनाथ यांनी शिव्या दिल्या नाहीत. ते गाडीकडे बघून म्हणाले, “मालक, ही गाडी हाय का पाळणा? हितं माझी पोरगी पुढं चालती, दिसली न्हाय व्हय?” मुलगी लहान होती. सांडलेली पेंड ती ओंजळीने पोत्यात भरू लागली, ते पाहून अर्जदार रस्त्याच्या कडेला बसले.

७. पुढे काही आठवडे अर्जदाराने मालाच्या दिवशी सगळे पाटे व दणकट शॉकअप, आणि दवाखान्याच्या दिवशी मऊ शॉकअप व कमी पाटे, अशी अदलाबदल करून पाहिली. अखेरीस शिवयोगी मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. “अण्णा, बोल्टांचे आटे गेले. भर रस्त्यात पाटा निसटला तर काय तोंड दाखवू? माझ्याच्यानं व्हनार न्हाय.” कमी-जास्त करता येणारे शॉकअप असतात असे ऐकून अर्जदार शहरातील दुकाने फिरले. ते लहान मोटारींसाठी असतात. या गाडीच्या मापाचे कोठेही मिळाले नाहीत.

८. अशा स्थितीत, मऊ शॉकअप व कमी पाट्यांसह, गाडी आपल्या कक्षात तपासणीस आली. तेथील निरीक्षक साहेबांनी पाटे मोजले व ते म्हणाले, “हत्तुरे, कागदावरची गाडी वेगळी आहे आणि माझ्यासमोर उभी आहे ती वेगळी आहे. पाटे परत बसवा, मी लगेच सही करतो.” अर्जदाराने घरची परिस्थिती सांगितली. साहेबांनी हातातील कागद मिटले. मग म्हणाले, “मालाच्या हौद्यात माणूस निजवून नेता, हेही नियमात बसत नाही. हे मी ऐकलं नाही असं समजतो.” साहेबांचे उपकार आहेत. मात्र तीच गोष्ट आता अर्जात लिहून दिल्याने, ऐकले नाही असे समजण्याची वाट अर्जदाराने स्वतःच बंद केली आहे, याची त्यांना जाणीव आहे. दुसरी वाट उरलेली नाही.

९. तेव्हापासून गाडी दारात उभी आहे. माल बंद, दवाखानाही बंद. निंगव्वा यांच्या डाव्या पायाची बोटे आत वळू लागली आहेत. त्यांनी घरात निकाल देऊन टाकला : “साकु री, बास झालं. पाटे बसवा आणि कामाला लागा. मी हितंच पडून राहते. माझ्यापायी दुसऱ्याची लेकरं चाकाखाली घालता काय?” अर्जदार बाहेर गेले. ते चिंचोळीत एका कारखान्यात पहारेकऱ्याची जागा बघून आले. मग आपल्या कार्यालयात जाऊन त्यांनी गाडीची भारक्षमता कमी करून मागितली. खिडकीवरील बाईंना वाटले की ऐकण्यात चूक झाली. “काका, लोक वाढवून मागतात. कमी करायला इथं कोणी येत नाही,” असे त्या म्हणाल्या. तसा छापील नमुना नसल्याने हा अर्ज साध्या कागदावर करीत आहोत.

तरी आपणांस कळकळीची विनंती की,

(अ) सदर गाडीची भारक्षमता एक रुग्ण, एक सोबती व दोन गाद्या इतकीच ठेवावी, आणि मऊ शॉकअपसह तिला योग्य ठरवावे. अर्जदार या गाडीत पुन्हा पोते भरणार नाहीत. गाडीवरील ‘मालवाहू’ हा शब्द त्यांनी आधीच खरवडून काढला आहे. हे परवानगीवाचून केले, त्याबद्दल क्षमा असावी.

(ब) हे नियमात बसत नसल्यास, जे शॉकअप लावले असता आपला नियमही मोडत नाही आणि निंगव्वाही विव्हळत नाहीत, अशा शॉकअपचे नाव लेखी कळवावे. अर्जदार ते कोठूनही आणतील.

(क) तेही शक्य नसल्यास, आपण स्वतः एकदा कुंभारीस यावे. अर्जदार आधी दणकट व नंतर मऊ शॉकअप बसवतील. दोन्ही वेळा आपण हौद्यात गादीवर निजून शहरापर्यंत यावे. यात आपला अवमान करण्याचा हेतू नाही. उशी व स्वच्छ चादर घरची देऊ. त्यानंतर आपण जो शेरा लिहाल तो अर्जदार मुकाट्याने मान्य करतील. मात्र तोपर्यंत दवाखान्याचे दिवस वाया जाऊ नयेत, इतके पाहावे.

उत्तराची वाट पाहत गाडी धुऊन तयार ठेवली आहे.

आपला नम्र व अगतिक,
(सही)
संगप्पा गुरुबसप्पा हत्तुरे
कुंभारी, दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत : १) ऑपरेशनच्या कागदांची प्रत. २) शिवयोगी मिस्त्री यांचा, पाटे काढल्याबाबतचा दाखला. ३) पत्नीची संमती, खालीलप्रमाणे.

संमती : हा अर्ज मला माझ्या मुलीने वाचून दाखवला. मालाचा धंदा सोडण्यास माझा विरोध होता. पहारेकऱ्याची जागा हे बघूनही आले, तेव्हा आता माझी हरकत नाही.
(सही) निंगव्वा संगप्पा हत्तुरे

टीप : वरील सही वाकडी आली आहे, तरी ती खरी धरावी. निजून सही करायला त्या तयार झाल्या नाहीत. अर्जदाराने कंबरेला धरले, मी कागद खिडकीच्या कट्ट्यावर दाबून धरला, आणि त्यांनी उभे राहून सही केली.
— हेमावती