सिनेमाच्या ठाण्यातली तक्रार

३ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या जुन्या ठाण्यात सिनेमावाले उतरलेत! आम्ही नव्या इमारतीत गेल्यापासून तिथे कबुतरंच नांदत होती. आता भिंतींना रंग, दारावर पाटी, अंगणात सहा चकचकीत जीप. लहान गावातला फौजदार एकटा टोळीला लोळवतो अशी गोष्ट आहे म्हणे. साहेबांनी बंदोबस्ताला मला पाठवलं. "हवालदारबाई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. हिरोला सॅल्यूटही शिकवा."

अठ्ठावीस वर्षं नोकरी करून शेवटी शिकवणी!

४ फेब्रुवारी

हिरो पिस्तूल धरतो ते झाडांना पाणी घालायची नळी धरल्यासारखं. मला विचारलं, "ताई, तुम्ही किती वेळा गोळी झाडलीत?" म्हटलं, वर्षातून एकदा, सरावाला. बाकी वर्षभर पेन चालवते. मला वाटलं हसेल. हसला नाही. विचार करत बसला.

रात्री जेवताना यांचा प्रश्न — "त्याला बघून माझी आठवण आली का?" आली ना! दळण आणायला सांगितलं होतं, आणलं का, म्हणून.

५ फेब्रुवारी

हिरोने एकच दार सतरा वेळा लाथेने उघडलं. शेवटी बिजागरी निघाली. दिवसभर उभं राहून माझे पाय गेले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं नीट लिहून ठेवते.

दुपारी दिव्यांची जुळवाजुळव चालली होती. हिरो वर्दीत, फौजदाराच्या खुर्चीत बसलेला. तेवढ्यात एक बाई वायरी ओलांडत सरळ आत गेली. तिशीची असेल, हातावर इस्त्रीचे चटके. मला वाटलं सिनेमातलीच. हिरोलाही तसंच वाटलं असणार. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. ती बोलत राहिली. पाचेक मिनिटांनी तो दारात आला. चेहरा उतरलेला.

"ताई, हे खरं आहे. मला याच्या पुढचं येत नाही."

मी आत गेले. वही काढली. तिचा भाऊ खडीच्या खाणीवर ट्रक चालवतो. मागच्या गुरुवारी सायकलवरून जाणाऱ्या शाळामास्तरांना ट्रकने उडवलं, ते जागीच गेले — आमच्या दप्तरी 'अनोळखी ट्रक' म्हणून नोंद आहे! ट्रक खाणमालकाचा मुलगा चालवत होता. मालक भावाला म्हणाला, मीच चालवत होतो असं सांग. तो नाही म्हणाला. मागच्या शुक्रवारपासून घरी नाही. खाणीवरच्या एका मजुराने तिला गुपचूप सांगितलं — ट्रकच्या वजनकाट्यामागच्या खोलीत कोंडलाय, शनिवारी चारला त्याला दुसरीकडे हलवणार.

शनिवार म्हणजे उद्या!

हिरो म्हणाला, "मी येऊ का?" म्हटलं, नाही बाळा, तू सॅल्यूटचा सराव कर.

साहेब वयाने माझ्या मुलीएवढे. तक्रार दोनदा वाचली. खाणमालकाची ऊठबस कुठवर आहे ते त्यांना माहीत, मलाही. म्हणाले, "हवालदारबाई, नोंदवा. सही माझी."

७ फेब्रुवारी

आजचंही नीट लिहिते.

आमची जीप गॅरेजमध्ये. माणसं मोजून चार. जिल्ह्याहून कुमक संध्याकाळी पोचणार, आणि तिकडे चारची वेळ! सिनेमाच्या दिग्दर्शकाने आपणहून विचारलं — "जीप चालतील?"  साहेब म्हणाले, "एक आत नेतो. बाकीच्या खाली माळावरच राहतील."

आम्ही बसलो ती जीप सिनेमातला स्टंट करणारा ड्रायव्हर चालवत होता. सगळे त्याला उड्यावाला म्हणतात. का म्हणतात ते पहिल्याच वळणावर कळलं! उरलेल्या पाच जीप खाणीखालच्या माळावर नुसत्या फेऱ्या मारत होत्या. धुरळा असा, की वरून बघणाऱ्याला वाटावं अख्खी पलटण आली.

फाटकापाशी पोचलो तर समोरून मालकाची मोठी गाडी सुटली. उड्यावाल्याने जीप गरकन फिरवून रस्त्यात आडवी घातली. त्या गाडीने करकचून ब्रेक मारला. माझ्या दारापासून हातभर अंतर! मालकाचा मुलगा उतरून पळाला. खाली धुरळा बघून जागीच थबकला आणि मुकाट्याने हात वर केले. गाडीतले बाकीचे दोघे तर आधीच खाली बसले होते.

गाडीत भाऊ नव्हता. मी काट्यामागे धावले — हो, धावले, या गुडघ्यांनी! कुलूप पहारीने तोडलं. आत तो भिंतीला टेकून बसलेला. ओठ फुटलेले, एक डोळा मिटलेला. म्हणाला, "मी कबुलीवर सही केली नाही. ताईला सांगा."

एकही गोळी उडाली नाही.

८ फेब्रुवारी

दिवसभर झोपले. यांनी स्वयंपाक केला. मीठ विसरले. मी तसंच खाल्लं.

१० फेब्रुवारी

मास्तरांच्या नोंदीतलं 'अनोळखी' खोडून साहेबांनी माझ्याच हाताने खाणमालकाच्या मुलाचं नाव लिहून घेतलं. मास्तरांची बायको समोर बसली होती. नाव वाचून तिने मान हलवली. खाणमालकालाही उचललंय. वरून फोन येताहेत. साहेब प्रत्येकाला तेच सांगतात — "तक्रार नोंदलेली आहे, सर."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात गेले होते. भाऊ आता उठून बसतो. इस्त्रीवालीला हसत म्हटलं, बरं झालं बाई, पाटी बघून फसलात!

ती म्हणाली, "फसले नाही. तो सिनेमा आहे हे माहीत होतं; म्हटलं, तिथे तरी कुणी ऐकेल. खऱ्या ठाण्यात तीनदा जाऊन आले होते. तिसऱ्यांदा, सोमवारी, टेबलावर तुम्हीच होता. मान वर न करता म्हणालात, येईल दोन दिवसांत, घरी जा."

घरी न येता तशीच साहेबांकडे गेले. तक्रारी घ्यायच्या पुढच्या टेबलाची ड्युटी कायमची मागून घेतली. उद्यापासून.