खिळ्यावरचे नान

७ ऑक्टोबर, मंगळवार
सोमवारपासून आपा रेशमाच्या मागावर कामाला जाणार. तिच्या इल्योसला दिवसभर कोण बघणार? "तूच शोध," म्हणाली. "एवढं जग हिंडलायस, मर्गिलानमध्ये एक धड पाळणाघर नाही सापडणार?" सापडेल की! घरात पाऊल टाकलं की घर कळतं मला. कितीतरी परक्या घरांत झोपलोय. पुढच्या बुधवारी मी अल्माटीला निघणार, त्याआधी काम फत्ते!
इल्योस अडीच वर्षांचा. दार उघडं दिसलं की पसार. "मामावर गेलाय," आपा म्हणते. कौतुक नव्हे ते.

८ ऑक्टोबर
पहिलं घर. गालिचे चकाचक, टीव्ही चालू, पोरं ओळीत बसलेली. मी आत आलो तरी एकानेही मान वळवली नाही. एवढीएवढी पोरं आणि इतकी गप्प? नापास!
बाजारात शेवटची खरबुजं आलीत. दोन घेतली. एक वाटेतच संपलं.

९ ऑक्टोबर
हुरिनिसा खालाचं घर. आत नुसता कल्ला! एक पोर माझ्याच बुटात पाय घालून हिंडत होतं. बरं वाटलं. तंदूरला जड झाकण, किटली उंच फळीवर — पास. पण फाटकाबाहेरच पाट, पाणी धो धो, आणि फाटकाची कडी माझ्या गुडघ्याशी!
"किती पोरं आहेत, खाला?"
"पोरं मोजतात का रे? मेंढरं आहेत?"
"मग एखादं हरवलं तर?"
"हरवेल कसं!"
झालं. म्हणे, हरवेल कसं!
ओसरीच्या भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येकाला चावा घेतलेला नान. आमच्याकडेही असतो — मी निघताना चावा घ्यायचा, आपाने टांगायचा, परतलो की उरलेला खायचा. मागच्या खेपेचा दगड झाला होता, चहात बुडवून संपवला. म्हणजे खालाचे इतके मुलगे परमुलखात? बिचारी! जीव तुटला. पण पाट तो पाट. आपाला सांगितलं — नको.

१० ऑक्टोबर
टोपी खालाकडेच राहिली! संध्याकाळी आणायला गेलो. आया पोरांना न्यायला येत होत्या. जे पोर निघेल त्याचा नान खाला काढून हातात देई, पोर तो चावत चावत घरी. अरे! मग नीट पाहिलं — चावे केवढेसे, दुधाच्या दातांचे! मुलगे कुठले, हीच पोरं. सकाळी आलं की चावायचा, जाताना संपवायचा.
शेवटी एक नान उरला. पोर कुठेच दिसेना. मी फाटकावरून पाटाकडे डोकावलो. खालाने आधी फाटकाला पाठ लावली, मग हाक — "अनोराऽ! तुझा नान वाट बघतोय गं!"
गाद्यांच्या चळतीमागून झोपाळलेला आवाज आला, "माझाय!"
खालाने माझ्या डोक्यावर टोपी थापली. "मी विसरणाऱ्यातली नव्हे, पोरा."
पास!

१२ ऑक्टोबर, रविवार
फाटकाची कडी पार वर बसवली. पाटावर फळ्या ठोकल्या, नाचून पाहिलं. खाला म्हणाली, "हात चांगलेत तुझे. पायांचंच काय ते!"

१३ ऑक्टोबर
इल्योसने नानचा चावा घेतला आणि वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी उरलेला नान अख्ख्या गल्लीला दाखवत आला.

१५ ऑक्टोबर, बुधवार
गाडीत लिहितोय. निघताना आपाने नान पुढे धरला. मी चावा घेतला, तिने टांगला. इल्योस मान वर करून बघत होता.
"मामा, संध्याकाळी खा हं!"
आपा खिळा घट्ट आहे का, तेच बघत राहिली.
ड्रायव्हर गातो छान. कोकंद येईल आता.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ
कोकंदलाच उतरलो, उलटी गाडी धरली. नान अजून मऊ होता.