सरांचं राखून ठेवलेलं अस्त्र

३ जुलै
अंडर-एटीन बास्केटबॉल वर्ल्ड कप. देशाची टीम, आणि तिच्यात मी! सरांनी यादीत माझं नाव सगळ्यात शेवटी वाचलं. महत्त्वाचं ते माणूस शेवटीच सांगतो.
निश्चय : रोज पहाटे फ्री थ्रो. उद्यापासून. आज प्रवासाचा शीण.

४ जुलै
हरलो. मी बेंचवर. बरोबरच आहे, पहिल्याच डावात हुकमाचं पान कोण टाकतो?
आईचा फोन. अख्खी बिल्डिंग लाइव्ह बघत होती, तू कुठेच दिसला नाहीस म्हणाली. म्हटलं, कॅमेरा बॉलच्या मागे असतो, मी डिफेन्सवाला.
फ्री थ्रो : गजर वाजला नाही. (लावला नव्हता.)

५ जुलै
हरलो. बेंच. पण टाइमआउटमध्ये सर थेट माझ्याशी बोलले. पाण्याची बाटली मागितली. नजरेत विश्वास होता.
कोर्टवर उतरताना जॅकेटची झिप एका झटक्यात उघडली पाहिजे. बाथरूमच्या आरशासमोर प्रॅक्टिस. रूममेट म्हणजे आमचा ताडमाड कॅप्टन, शिडी. म्हणाला, आधी डाव्या हाताने ड्रिबल शिक. जळतो.

७ जुलै
हरलो. मॅनेजरकाका जर्सी धुवायला नेतात. माझी हुंगून परत दिली. म्हणाले, राहू दे बाळा, हिची घडीही मोडली नाही.
आईला शब्द दिला, उद्या नक्की. ती आजोबांना पुढची खुर्ची देणार आहे.

८ जुलै, संध्याकाळ
शेवटची मॅच, पंधराव्या नंबरासाठी. सकाळभर झिपची प्रॅक्टिस चालली होती, तेवढ्यात बसचा हॉर्न. झिप लावली, धावलो.
शेवटचं मिनिट. आम्ही भरपूर मागे. सर माझ्याकडे वळले. "जा."
झिप. एका झटक्यात. परफेक्ट.
रेफ्री माझ्या छातीकडे बघत राहिला. मग मीही बघितलं. प्रॅक्टिसमध्ये जर्सी चुरगळू नये म्हणून झोपायचा टी-शर्ट घातला होता. तोच अंगात. त्यावर ससा, गाजर खाणारा.
सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बस खाली."
शिडीचे टॉवेलात तोंड खुपसून खांदे हलत होते. हरल्याचं दुःख असावं.

रात्री आईचा फोन. दिसलास म्हणाली, अगदी मोठ्ठा. आजोबांनी शिट्टी मारली, सगळे उठून उभे राहिले. मग म्हणाली,
"अरे, तो टी-शर्ट मी फरशी पुसायला काढला होता ना?"