प्रत्येकाला एकेक तास

रविवार, २ ऑक्टोबर
जॉर्डनमधल्या इर्बिद शहरातल्या आमच्या मोहल्ला केंद्रातल्या व्यायामाची सूत्रं आजपासून माझ्याकडे. घोषवाक्यही माझंच: कुणालाही वगळायचं नाही! भिंतीवर रोजचा तक्ता डकवला. बायकांना एक तास, अपंगांना एक, म्हाताऱ्यांना एक. गुरुवारी अम्मानहून पाहुणे येणार, हॉल गच्च हवा. उद्यापासून मीही पहाटे चालणार. रुदैना म्हणते, तुमचं पोट तुमच्याआधी घरात शिरतं. बायको आहे, म्हणणारच.

सोमवार, ३ ऑक्टोबर
चाललो नाही. बूट सापडले नाहीत.
बायकांच्या तासाला उम्म नव्वाफ आल्या. सीरियाहून आलेल्या, चाकाच्या खुर्चीत. उजवी बाजू लुळी पडलीय. हात हलवत राहिल्या नाहीत तर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण खुर्ची ढकलायला मुलगा, नव्वाफ! आत बायकांनी हिजाब काढलेले. पुरुष आत कसा सोडणार? दारातूनच परत पाठवलं. वाईट वाटलं. पण अपंगांचा तास आहेच की.

मंगळवार, ४ ऑक्टोबर
अपंगांच्या तासाला आल्या. आत सगळे तरुण गडी, बास्केटबॉल खेळणारे. म्हणाल्या, उस्ताद, या परक्या पोरांसमोर मी हातवारे करू? म्हटलं, मग म्हाताऱ्यांच्या तासाला या. तर म्हणे, तो वरच्या मजल्यावर, मला काय पंख फुटलेत? बाईंच्या तक्रारी फार.
संध्याकाळी चालायला निघालो होतो. वाटेत मिठाईच्या दुकानात कुनाफ्याची गरम परात नुकतीच उतरली होती. दुकानदार ओळखीचा, नाही कसं म्हणणार?

बुधवार, ५ ऑक्टोबर
तोडगा सापडला! नवा तास: निर्वासित, अपंग, वयस्कर स्त्रिया. एकट्या उम्म नव्वाफच बसतात त्यात, पण तत्त्व महत्त्वाचं. रुदैनाने विचारलं, एकटीने व्यायाम करायला तिला घर नाही का? आणि सोमवारी खुर्ची आम्हा बायकांपैकी कुणीही आत नेली असती. विचारलंत का? म्हटलं, नियोजनातलं तुला काय कळतं.
रात्री जेवण माझं मलाच वाढून घ्यावं लागलं.

गुरुवार, ६ ऑक्टोबर
पाहुणे आले. बायकांचा तास, आणि हॉलमध्ये चिटपाखरू नाही. शोधायला पळत सुटलो. आठवड्यातला एवढाच व्यायाम.
उम्म नव्वाफच्या अंगणात नुसता गलका. नव्वाफ फाटकाबाहेर चहा घेत बसलेला. म्हणाला, सगळ्याजणी पाण्याच्या बाटल्या घेऊन व्यायाम करतायत, आणि आज आईने उजव्या हाताने बाटली धरली, उस्ताद! त्याचे डोळे भरून आले. मलाही कसंतरीच झालं, पण पाहुणे खोळंबलेले. फाटक वाजवलं. आतून रुदैना ओरडली, आत बायका आहेत, तुमचा तास कुठला ते बघून या!
पाहुण्यांना सांगितलं, उपक्रम आता घरोघर पोहोचलाय. ते घड्याळ बघत निघून गेले. मग मी तक्ता वाचत बसलो.
माझा तास त्यात कुठेच नव्हता.