पोटभर आणि मोजून

आबा, काल माहेरी गेले होते. तुमची सशांची शेड अजून आहे, वहिनी बघते. पिंजऱ्यांपाशी उभी राहिले आणि इतक्या वर्षांनी पोटात तीच आग उठली, म्हणून लिहायला बसले.

कागलच्या रस्त्याला आपण ससे पाळले ते नव्वदच्या सुमारास. शेडचं सगळं मीच करायची. दूध सुटलेल्या पिल्लांना मी खुराक भरभरून घालायची, आणि दर वेताला त्यातली काही हगवण लागून जायची. मग दादाचं लग्न झालं, वहिनी घरात आली. त्याच सुमारास जनावरांच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं, दूध सुटल्यावर काही आठवडे पोटभर घालू नका. तुम्ही आम्हा दोघींना हाक मारलीत. "ह्या रांगंला तू घाल, रोजच्यासारखं. त्या रांगंला ही मोजून घालंल. बघूया की काय हुतंय." मोजायचं काम तुम्ही तिला का दिलंत, आबा?

तिची पिल्लं मला बघून जाळी कुरतडतायत, माझी गुबगुबीत होऊन पडलीयत. "उपाशी मारती ही त्यास्नी," म्हणत मी तुम्हाला ओढत आणून दाखवलं. तुम्ही नुसतं "हूं" केलंत. पुढच्याच आठवड्यात माझ्या रांगेत पोटं फुगायला लागली. रोज सकाळी एखादं ताठ झालेलं सापडायचं. तिच्या रांगेतलं एकच गेलं. नंतर तिनं खुराक वाढवला, तशी तिची हाडकुळी पिल्लं भराभर भरली. विकायच्या वेळी माझ्या उरलेल्यांपेक्षा जराशीच हलकी होती. "जित्राब कळतंय की गं हिला," तुम्ही आईला म्हणालात आणि खुराकाच्या खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवलीत. मी तिथंच पिंजरे झाडत होते. मला तसं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात.

"वन्सं, किल्ली तुमच्याकडंच असू दे," ती मागून येऊन म्हणाली. मी घेतली नाही. ती वाईट असती तर बरं झालं असतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी सासरहून पोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं. हुपरीकडच्या पाहुण्या बायका वहिनीला लेक समजून कवटाळत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "बाई, जरा सरका की. लेकीला वारा लागू दे."

मी सरकले.

हे वाचायला तुम्ही नाही, आणि तिला मी दाखवणार नाही. तुमच्यासाठी ती माझ्यापेक्षा जास्त रडली, आबा. तेही मला सहन झालं नाही.